पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकुनाचं नेमकं काम काय असतं? जप्त झालेली गाडी त्याच्याकडूनच सोडवायची का?

नाही भाऊ, गाडी सोडायचा हुकूम न्यायालयाचा. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, सोबत आरसी आणि विमा जोडा. आदेश आला की सुपुर्तनामा (गाडी ताब्यात घेतल्याची, न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याची लेखी हमी) लिहून घेऊन कारकून गाडी ताब्यात देतो. त्याला चहा पाजून काही होत नाही.

त्याचं खरं काम वहीत. जप्ती पंचनाम्यासोबत वस्तू आली की मुद्देमाल रजिस्टरला नंबर पडतो : गुन्हा क्रमांक, कलम, वर्णन, कोणाकडून जप्त, कुठे ठेवली. वर्णनातच खरी मेख असते. "एक कुऱ्हाड" लिहून भागत नाही. दांडा किती लांब, पात्यावर डाग कुठे, हेही लागतं. पंचनाम्यात दांडा बाभळीचा अन् वहीत सागाचा निघाला, तर आरोपीचा वकील तेवढंच धरून बसतो.

रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे. प्लास्टिकमध्ये ओलं ठेवलं तर बुरशी लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लागणारच. वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, लाखेचं सील. मग नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत. कोणत्या शिपायाने कधी नेलं, पोच कधी आली, सगळं नोंदवायचं. मोहाची दारू असेल तर नमुन्याची बाटली ठेवून उरलेला सडवा (दारूसाठी आंबवलेला मोह) बहुधा जागेवरच नष्ट करतात, नाहीतर खोलीत वासाने बसवत नाही.

१ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याने (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं झालंय. उधईपासून वही वाचवायचं काम मात्र जुनंच!