वरचे सूर सोपे जावेत म्हणून अल्टो सॅक्सोफोनला कोणता माउथपीस घ्यावा?

तुम्ही विचारलंय की दीड वर्ष अल्टो वाजवतोय, सॅक्ससोबत आलेलाच माउथपीस आहे, वरच्या डीच्या पुढे सूर एकतर चिरकतो नाहीतर बारीक होऊन विझतो, तर मेटलचा ७ नंबर, म्हणजे मोठ्या ओपनिंगचा (रीड, म्हणजे माउथपीसला लावलेली थरथरणारी पातळ पट्टी, आणि माउथपीसचं टोक यांच्यातली फट मोठी असलेला), घेतला तर सोपं जाईल का. नाही जाणार, बहुतेक अजून अवघड होईल. माउथपीस बदलून फरक पडतो हे खरंय, पण वरच्या सुरांसाठी तो ओपनिंग मोठं करून नाही पडत, आतल्या आकाराने पडतो, आणि त्याच्याही आधी दोन-तीन गोष्टी घरीच तपासायच्या असतात ज्यांना पैसे लागत नाहीत.

मी स्वतः हे केलंय म्हणून एवढं ठासून सांगतोय. मोठ्या ओपनिंगचा माउथपीस आणला, पहिल्या पाच मिनिटांत मधले सूर असे भरून यायला लागले की वाटलं काम झालं, मग पाम कीवर (डाव्या तळहाताने दाबायच्या, सगळ्यात वरच्या सुरांच्या कळा) गेलो तर डी निघाला, ई फ्लॅट कसाबसा, आणि ई-एफला नुसती हवा. कारण नंतर कळलं. फट मोठी असली की रीडला मिटायला जास्त लांब जावं लागतं, त्यासाठी लागणारा दम आणि ओठांची पकड अजून तयार झालेली नसते, मग आपण नकळत जबड्याने दाबून ती फट लहान करतो आणि दाबलेली रीड वर मोकळी हलतच नाही. त्यावर उपाय म्हणून मी नरम रीड लावली तर खालचे सूर मस्त आणि वरचे सगळे उतरलेले.

आता आकडे बघा. यामाहाचा अल्टोचा ४सी साधारण १.६० मिमी असतो, सेल्मरचा एस८० सी स्टार १.७०, मेयरचा ५ नंबर १.८०. म्हणजे या तिघांत मिळून ०.२ मिमीचा फरक, पण तोंडाला तो पहिल्याच फुंकेत कळतो. कंपनीचा नंबर बघून घेऊ नका, एकाचा ५ म्हणजे दुसऱ्याचा ५ नसतो, मिलिमीटर विचारा. तुमच्यासाठी १.६ ते १.८ च्या मधलं काहीही चालेल आणि त्यावर रीड २.५ किंवा ३ ची (आकडा मोठा तितकी रीड कडक). सध्या २ ची वाजवत असाल तर माउथपीस राहू दे, आधी २.५ लावून आठवडाभर बघा, निम्मा प्रश्न तिथेच सुटू शकतो, कारण फार नरम रीड वरच्या सुरांना फुंक वाढवली की टोकाला चिकटून बसते.

खरी गंमत आत आहे. रीड काढा, माउथपीस उजेडात धरा आणि टोकाकडून आत बघा. वाजवताना धरतो तसा धरला तर टोकाच्या लगेच मागे जे छत दिसतं तो बॅफल. हे छत रीडच्या जवळ असेल तर हवेला जागा कमी, ती वेगाने जाते, आवाज धारदार होतो आणि वरचे सूर पटकन बोलतात. छत लगेच खोल गेलं असेल तर आवाज गडद, गोल, छान लागतो पण वर प्रत्येक सूर तुम्हाला स्वतः उचलून न्यावा लागतो. म्हणून तुम्हाला जे हवंय ते म्हणजे ओपनिंग मध्यम आणि बॅफल आत्ताच्यापेक्षा थोडासा उंच. थोडासाच! बॅफल एकदम पायरीसारखा उंच आणि त्यामागचा चेंबर (आतली पोकळी) चिमुकला असा माउथपीस घेतला तर वरचे सूर निघतील खरे पण पातळ आणि टोचणारे, शिवाय सुरात ठेवताना जीव जाईल. सॅक्सची नळी म्हणजे टोक कापलेला शंकू, त्या कापलेल्या टोकाची जागा माउथपीस भरून काढतो, ती जागा कमी पडली की सॅक्स चढा वाजतो, मग आपण माउथपीस कॉर्कवर बाहेर ओढतो, आणि ओढल्याचा परिणाम पाम कीच्या सुरांवर सगळ्यात जास्त होतो कारण तिथे वाजणारी नळीच आखूड असते. खाली जुळवलं की वर बिघडतं, वर जुळवलं की खाली.

मेटल की हार्ड रबर यात अडकू नका. मेटलचे धारदार वाजतात असं सगळे म्हणतात कारण त्यातल्या बऱ्याच जणांचा बॅफल उंच असतो, धातूमुळे नाही. फेसिंग (टोकापासून रीड माउथपीसला टेकते तिथपर्यंतचा वळणदार भाग) मध्यम लांबीचं घ्या, त्यात फार डोकं घालायची गरज नाही.

आता त्या फुकटच्या तपासण्या, या आज रात्रीच करा.

नुसत्या माउथपीसला रीड लावून फुंका, ट्यूनर ट्रान्सपोज न करता ठेवा (अल्टोसाठी न बदलता, खरा ऐकू येणारा सूर दाखवेल असा). अल्टोला ८८० हर्ट्झच्या आसपासचा ए यायला हवा. बी किंवा सीकडे सरकत असेल तर तुम्ही दाबताय, आणि दाबून वाजवणाऱ्याला जगातला कुठलाही माउथपीस पुरत नाही. तोच ए न हलता दहा सेकंद धरता यायला लागला की सॅक्स जोडा आणि मगच पाम कीवर जा.

दुसरं, रीड लावलेल्या माउथपीसमध्ये टोकाकडून कागदाची पातळ पट्टी हलकेच आत सरकवा, जिथे ती अडते तिथून रीड माउथपीसपासून सुटायला लागते. त्या जागी बाजूला पेन्सिलची खूण करा. खालचा ओठ साधारण तिथेच यायला हवा. खूप जण भीतीने टोकालाच धरतात, मग रीड अर्धीच हलते आणि वरचे सूर बारीक होऊन विझतात, तुम्ही वर्णन केलंय अगदी तसेच.

तिसरं, वरच्या एपासून पुढे नेकवरचं (माउथपीस बसतो त्या वाकड्या नळीवरचं) ऑक्टेव्हचं छिद्र कामाला लागतं, तिथे मळ किंवा लाळ साचली की वरचे सूर अडखळतात, ते साफ करा. जी हा सूर धरून ऑक्टेव्ह की उघडबंद करा, त्या वेळी नेकवरचं पॅड हलता कामा नये. हलत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या, ते माउथपीसचं काम नाही.

आणि रोज पाच मिनिटं खालचा बी फ्लॅट धरून, बोटं अजिबात न बदलता, फक्त घसा आणि जीभ हलवून त्याच्यावरचे सूर काढा, आधी ऑक्टेव्ह, मग त्यावरचा एफ, मग परत बी फ्लॅट. मला वरचे सूर माउथपीसने जेवढे दिले त्याहून जास्त याने दिले. पहिले काही दिवस नुसता गुरगुराट होईल, होऊ द्या.

हे सगळं करूनही माउथपीस घ्यायचाच असेल तर दुकानात आपला सॅक्स, आपली नेहमीची रीड आणि जुना माउथपीस घेऊन जा. प्रत्येकावर तीच रीड लावा, नवी रीड लावली तर तुम्ही रीड तपासताय, माउथपीस नाही. आधी वरचा एफ एकदम हळू आवाजात, जीभ न लावता, नुसत्या फुंकेने सुरू करून बघा, जोरात तर कुठलाही निघतो. मग मधल्या डीपासून वरच्या डीवर न तोडता जा. ट्यूनर समोर ठेवा पण डोळे मिटून वाजवा आणि सूर स्थिर झाला की मगच काटा बघा. दहा मिनिटांनी ओठ थोडा थकला की परत तेच करा, कारण ताज्या ओठाला सगळेच आवडतात. शेवटी दोनच उरले आणि वर दोन्ही सारखेच वाजत असतील तर सगळ्यात खालचा बी फ्लॅट ज्याच्यावर न गुरगुरता, हळू आवाजात निघतो तो घ्या.