दिवाळीत नऊ माणसांचे चार दिवसांचे सकस जेवण तीन हजार रुपयांत कसे बसवावे?

ताई, आपण लिहिले आहे की घरात सहा माणसे आहेत, नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत नणंद आपल्या दोन मुलांसह येणार आहे, सासऱ्यांना मधुमेह आहे, ज्वारी आणि अन्नभाग्यचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या रेशन योजनेचा, तांदूळ घरात आहे आणि बाकी सर्व खर्चासाठी तीन हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. एवढ्या रकमेत हे जमते. मात्र फराळाच्या यादीपासून हिशेब सुरू केला तर जमत नाही. मी बेळगावात वडगावला राहते. आमच्या घरी यंत्रमाग आहेत आणि पैसे आठवड्याच्या हिशेबाने येतात, त्यामुळे सणाचा खर्च आखण्याची सवय मला नाइलाजानेच लागली.

आधी माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका किराणा दुकानातील दिवाळीच्या भिशीत दर आठवड्याला पन्नास रुपये भरत होते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मिळालेल्या पिशवीत मैदा, रवा, साखर, पामतेल आणि वनस्पती तुपाचा पुडा एवढेच होते. डाळ जेमतेम अर्धा किलो होती आणि शेंगदाणे तर नव्हतेच. सामान घरात आले म्हणून शंकरपाळी, करंज्या, चकल्या असे सगळे तळत बसले, आणि भाजी-दुधासाठी हातात पैसे उरले नाहीत. मुले दिवसभर फराळच खात राहिली, कारण जेवणाच्या ताटात भात आणि पातळ आमटी यांपलीकडे काही नव्हते. त्या दिवाळीत आम्ही काय खावे, हे त्या पिशवीने ठरवले होते. आपण भिशी लावली असेल तर दुकानदाराला आताच विचारून मैदा आणि वनस्पती यांच्या बदल्यात हरभराडाळ आणि शेंगदाणे मिळतात का, हे पाहावे.

म्हणून तीन हजारांतील निम्म्याहून अधिक रक्कम मी आधी जेवणासाठी राखून ठेवते, आणि फराळ उरलेल्या पैशांत बसवते. नऊ माणसांना चार दिवसांसाठी तूरडाळ एक किलो, हरभराडाळ दीड किलो, मटकी आणि मसूर प्रत्येकी अर्धा किलो आणि शेंगदाणे दीड किलो पुरतात. कडधान्य भिजून मोड आल्यावर दुपटीहून अधिक होते, त्यामुळे अर्ध्या किलो मटकीची उसळ सगळ्यांना वाटीभर मिळते. शेंगदाण्यांत वजनाच्या सुमारे चौथा भाग प्रथिने असतात. शेंगा चटणीचा डबा भरून ठेवला की भाकरीबरोबर दुसरे महागडे काही करावे लागत नाही. कोरडे सामान बाजारातून एकदाच घ्यावे, पालेभाजी मात्र रोजची रोज घ्यावी. मेथीची पचडी आणि अंबाडीची भाजी सणाच्या ताटाला शोभत नाही असे काही जण म्हणतात. आमच्याकडे तीच आधी संपते.

सकाळी अभ्यंगस्नानानंतर फराळाचे ताट पुढे येते, तेव्हा त्याच्या आधी सगळ्यांना पोटभर पोहे किंवा उप्पीट द्यावे. माझ्या माहेरी, खानापूर तालुक्यात, त्या सकाळी गूळपोहे असत आणि ते खाल्ल्यावर चकलीकडे कोणी फारसे वळत नसे. लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला पुरणपोळी करावी. एकाच हरभराडाळीत पोळीही होते आणि कटाची आमटीही, म्हणजे गोड आणि पौष्टिक अशी दोन्ही कामे एका खर्चात होतात. आपल्या घरी चालत असेल तर भाऊबीजेच्या संध्याकाळी मटणाऐवजी अंड्याची आमटी आणि भाकरी करावी. दोन डझन अंड्यांत नऊ माणसांचे जेवण होते आणि सकाळसाठीही काही उरतात. मुलांना मधल्या वेळेसाठी उकडलेली रताळी द्यावीत. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत त्यांचे पीक मोठे असते आणि या दिवसांत ती बाजारात भरपूर येतात.

फराळात तीनच पदार्थ ठेवावेत. तळणाची एकटी चकली: रेशनचा तांदूळ अर्धा किलो, हरभराडाळ पाव किलो आणि उडीदडाळ सव्वाशे ग्रॅम भाजून गिरणीतून दळून आणावी. दुसरा चिरमुऱ्यांचा चिवडा. अर्धा किलो चिरमुरे कोरडेच तापवून वर चार-पाच मोठे चमचे तेलाची फोडणी दिली की पुरे, तळलेल्या पोह्यांप्रमाणे ते तेल पीत नाहीत. तिसरे पुटाणीचे लाडू, म्हणजे डाळ्यांचे. अर्धा किलो पुटाणीच्या पिठात साडेतीनशे ग्रॅम गूळ आणि थोडे तूप घालून छोटे तीस लाडू होतात. बेसनाप्रमाणे तासभर भाजत बसावे लागत नाही, त्यामुळे गॅसही वाचतो.

आता साखरेचा हिशेब. अशा एका लाडवात सुमारे बारा ग्रॅम गूळ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार, दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या प्रौढाने वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि पंचवीसपर्यंत आणली तर अधिक चांगले. दोन लाडू खाल्ले की चोवीस ग्रॅम झाले. त्यावर पाहुण्यांच्या संगतीने दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा घेतले तर पन्नासची मर्यादा जवळजवळ गाठलीच. सणात लाडवाला दोष दिला जातो आणि चहा सुटून जातो. आपण चहातील साखर निम्मी करावी, लाडू तसाच राहू द्यावा.

सासऱ्यांच्या बाबतीत एक गैरसमज आपल्या भागात फार आहे, तो म्हणजे गूळ त्यांना चालतो. रक्तातील साखर गुळानेही वाढते. अर्धा लाडू जेवणाबरोबर द्यावा, त्या वेळी भात कमी आणि उसळ-पचडी जास्त वाढावी. गोड खाल्ले म्हणून रात्रीचे जेवण मात्र टाळू देऊ नये. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर अचानक उतरण्याचा धोका असतो. प्रमाणाविषयी त्यांच्या डॉक्टरांना सणाआधीच विचारून घ्यावे.

तेल चार दिवसांसाठी दोन लिटर घ्यावे. चकलीचे उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे. त्यातच नवे ओतून पुन्हा तळू नये. ते काळसर झाले, फेसाळले किंवा लवकर धूर सोडू लागले तर पैशांची हळहळ न करता टाकून द्यावे.

आणि नणंदबाईंना एक फोन करावा. त्यांच्याकडे शंकरपाळी होणारच असतील. त्या डबाभर आणतील, तर परतताना आपण त्यांना शेंगा चटणी आणि चिवडा बांधून देऊ शकाल.