पुण्याहून गोव्याला गाडीने जाताना मित्रांसोबत थांबे कुठे आणि किती वेळ घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की चौघं मित्र रात्री दहाला पुण्यातून निघणार, गाडी दोघांनाच चालवता येते, आणि त्यातला एक म्हणतोय की मध्ये कुठे थांबलं नाही तर उजाडायच्या आत गोवा गाठता येईल. माझं स्पष्ट मत आहे: त्याचं ऐकू नका. आणि जमत असेल तर रात्री निघूच नका, पहाटे पाचला निघा.

कारण साधं आहे. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात शरीर झोप मागतंच, माणूस कितीही तरतरीत असो. ताशी ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे जाते. चार सेकंद डोळे मिटले तर जवळजवळ नव्वद मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. त्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे सातारा-कोल्हापूर पट्ट्यात रस्ता मध्येच वळवलेला असतो, आणि अंधारात ते वळण ऐनवेळी समोर येतं.

आमच्या ग्रुपमध्ये एक नियम आहे: थांबायचं की नाही हे गाडी चालवणाऱ्याने ठरवायचं, आणि त्याने सांगितलं की कुणी हुज्जत घालायची नाही. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही. त्याचं काम फक्त गाणी बदलायचं नाही, चालवणाऱ्याकडे लक्ष ठेवायचंही आहे. बोलता बोलता माणूस गप्प झाला, एकसारखा मान चोळायला लागला, लेन सोडून पांढऱ्या पट्टीवर जायला लागला, की समजायचं. झोप आलीय का असं विचारत बसू नका, उत्तर कायम ‘नाही रे’ असंच येतं. सरळ म्हणा, पुढच्या पंपावर घे.

एकदा कराडच्या अलीकडे आमचं असंच झालं. चालवणाऱ्या मित्राने काच खाली केली, तोंडावर पाणी मारून झालं, तरी डोळ्यांवरची झापड जाईना. पेट्रोल पंपावर दिव्याखाली गाडी लावली. तिथल्या टपरीवर त्याने आधी चहा घेतला आणि मग सीट मागे टाकून डोळे मिटले. हा क्रम मुद्दाम असतो. चहा-कॉफीचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होऊन जाते. वीस मिनिटांचा गजर लावला. आम्ही तिघं बाहेर कठड्यावर बसलो, खुसखुसत गप्पा मारत, ट्रकवाल्यांच्या कळकट केटलीतून परत परत चहा घेत. त्या प्रवासातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. गजर वाजल्यावर त्याला लगेच स्टेअरिंगवर बसू दिलं नाही, आधी पंपाला दोन चकरा मारायला लावल्या. उठल्याउठल्या डोकं जड असतं. अर्ध्या तासाहून जास्त झोपलं तर ते आणखी जड होतं, म्हणून एकतर वीस मिनिटं, नाहीतर खोली घेऊन रीतसर झोप. गाडीत झोपताना इंजिन बंद ठेवा आणि काचा थोड्या खाली. काचा लावून एसी चालू ठेवून झोपलं तर विषारी वायू आत साचून जीव जाऊ शकतो.

हायवेच्या कडेला मात्र फोटोसाठी, लघवीसाठी, कशासाठीच थांबू नका. कडेला उभ्या गाडीला मागून ट्रक धडकण्याचे प्रकार फार होतात. गाडीच बंद पडली तर चारही इंडिकेटर लावा, मागे अंतरावर लाल त्रिकोण ठेवा, सगळे उतरून कठड्यापलीकडे उभे राहा आणि १०३३ या हायवे हेल्पलाइनला फोन करा.

पहाटे निघालात तर थांबे आपोआप जमतात. खंबाटकी घाट उजाडता उजाडता चढून होतो, साताऱ्याच्या आसपास पहिला चहा-नाश्ता. दर दोन तासांनी पाय मोकळे करायचे हे धरून चला. मग कोल्हापूरला मिसळ. तांबडा-पांढरा रस्सा परतीच्या प्रवासासाठी ठेवा, तोही कोल्हापुरात मुक्काम असेल तरच. भरपेट मटण-भात खाऊन आजऱ्याच्या रस्त्याला लागलात की दुपारची पेंग चालवणाऱ्याला गाठणारच. निपाणीहून आत वळल्यावर तिथून पुढे दुसऱ्याने गाडी घ्यावी, म्हणजे आंबोली घाट ताज्या डोळ्यांनी उतरता येईल. पावसाळ्यात आंबोलीत धुकं इतकं दाट असतं की दिवसाही पुढची गाडी दिसत नाही. धबधब्यापाशी थांबायचं तर गाडी नीट पार्किंगमध्ये लावा, वळणावर नको. आणि माकडांना काही खायला देऊ नका.

गाडीत मैत्रिणी असतील तर एक गोष्ट आवर्जून पाळा. स्वच्छ शौचालय दिसलं की कुणी मागायच्या आधी गाडी थांबवा. थांबवायला सांगायचा संकोच वाटतो म्हणून कितीतरी जणी प्रवासात पाणीच पीत नाहीत, आणि संध्याकाळी डोकं दुखायला लागतं. मोठ्या पंपांवर आणि बऱ्या हॉटेलांत सोय असते.

सावंतवाडीला पोचलात की मोती तलावाच्या काठावर गाडी लावून चौघांनी मिळून ठरवा. उजेड असेल आणि चालवणारा ताजा असेल तर पणजी तिथून दीडेक तासावर आहे. अंधार पडला असेल किंवा कुणी जांभया देत असेल तर तिथेच खोली घ्या, गोव्यातल्या हॉटेलची एक रात्र वाया गेली तरी चालेल.