आजींना आडवं करायला कचरू नका

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका दवाखान्यात ३ वर्षांपासून दातांची डॉक्टर आहे. रोज दहा-बारा पेशंट होतात. संध्याकाळी मानेपासून उजव्या खांद्यापर्यंत ठणकतं. स्कूटीवरून घरी जाताना द्वारका चौकात मागची गाडी बघायला मान वळत नाही. लूप्स (डोळ्यांवर लावायची भिंगं) घेतले तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण आधी पेशंट कसा झोपवता ते बघा. माझा दवाखाना पंचवटीत आहे. गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, दर्शन करून येणाऱ्या नऊवारीतल्या आजींना पूर्ण आडवं करायला मला फार संकोच वाटायचा. त्या अर्धवट बसलेल्या, आणि वरची दाढ दिसावी म्हणून मी मान मोडून खालून डोकावणारी. डोकं साधारण पाच किलोचं असतं. ते पुढे झुकलं की सगळा भार मानेच्या स्नायूंवर येतो. नऊ वर्षं मी तशीच काम करत राहिले.

आता सरळ सांगते, "आजी, आडवं करते हं. हनुवटी वर, छताकडे बघा." आजपर्यंत एकही आजी रागावली नाही. वरच्या दाढेला पेशंट सपाट, मी डोक्यामागे, म्हणजे पेशंटचं तोंड घड्याळ धरलं तर बाराच्या काट्यावर, बघायचं आरशात. खालच्या दातांना खुर्चीची पाठ जराशी उचलून हनुवटी खाली घ्यायला सांगते. दोन्ही वेळा पेशंटचं तोंड माझ्या कोपराच्या उंचीला, कोपरं अंगालगत, पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली. ज्यांना आडवं पडल्यावर दम लागतो किंवा ज्या गरोदर बायकांचे दिवस भरत आलेत, त्यांना मात्र सपाट झोपवू नका. त्यांचं काम दोन छोट्या भेटींत करा.

ही बैठक अंगवळणी पडली की मगच लूप्सचं माप द्या. वाकून बसण्याच्या सवयीतच डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर मोजलं, तर लूप्स तुम्हाला रोज तेवढंच वाकवतील.

स्केलरला (दातांवरचं कीटण खरवडायच्या हत्याराला) धार ठेवा. बोथट झाला की नकळत मूठ आवळली जाते. बोटांना मुंग्या येत असतील किंवा हाताची पकड सुटत असेल, तर थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि तुमच्या असिस्टंट ताईंचा स्टूल तुमच्यापेक्षा चार-पाच इंच उंच हवा, खाली पाय टेकायला कडं असलेला. सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) धरून दिवसभर त्या एकाच कुशीवर वाकलेल्या असतात. त्यांची कंबर दुखते का, हे उद्या सकाळी विचारा.