चकवणारी चाल आणि तिच्यामागचे गणित

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रतिस्पर्ध्याच्या चालींवरून शिकत जाणारी लढाऊ यंत्रे हा माझ्या आवडीचा विषय आहे. मित्रांचे म्हणणे असे की, अशा यंत्रासमोर काहीही वेडेवाकडे करत राहिले की ते गोंधळून हरते. मग या विद्येला भवितव्य ते काय? हे खरे आहे का? या क्षेत्रात यायचे तर मी काय शिकावे?

उत्तर : तुझ्या मित्रांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. अंदाज न येणारे वागणे ही एक गोष्ट आणि यंत्राने कधीच न पाहिलेले वागणे ही दुसरी. हा फरक नीट कळला की अभ्यासाची दिशा ठरवणे तुला सोपे जाईल.

पहिली गोष्ट दगड-कागद-कात्रीच्या खेळातून समजते. तिन्हींपैकी एक निवड दर वेळी निव्वळ यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी, केली, तर प्रतिस्पर्धी कितीही हुशार असला तरी दीर्घकाळात तो तुझ्यावर कुरघोडी करू शकत नाही. पण त्याच वेळी तुलाही त्याच्यावर आघाडी मिळत नाही. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, अशा दोघांच्या खेळांत प्रत्येकाला असा सुरक्षित डावपेच उपलब्ध असतो, हे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केले. म्हणजे यदृच्छा ही ढाल आहे, तलवार नव्हे. शिवाय माणसाला मनाने यदृच्छ वागता येत नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिड हॅगलबार्गर आणि क्लॉड शॅनन यांनी बनवलेली साधी यंत्रे दोन पर्यायांपैकी माणूस पुढचा कोणता निवडेल हे निम्म्याहून अधिक वेळा ओळखत, कारण आपल्या नकळत आपण सवयी पाळतो. उलट यंत्राला यदृच्छा सहज साधते. २०१७ मध्ये लिब्राटस या प्रोग्रामने पोकर या पत्त्यांच्या खेळातल्या चार निष्णात खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले, ते असेच चाली मिसळून.

प्रत्यक्ष लढतीत तर प्रत्येक वेडीवाकडी हालचाल वेग, उंची आणि इंधन खाते. २०२०च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने घेतलेल्या आभासी हवाई लढतीत एफ-१६ या लढाऊ विमानाच्या अनुभवी वैमानिकाला प्रोग्रामने ५-० असे हरवले. शेवटच्या फेरीत वैमानिकाने डावपेच बदलले, तो अधिक वेळ टिकला, पण हरलाच. अर्थात त्या आभासी आकाशात प्रोग्रामला प्रतिस्पर्ध्याची अचूक स्थिती आयती मिळत होती, आणि खऱ्या आकाशात ती तशी मिळत नाही, हेही लक्षात ठेव.

दुसऱ्या गोष्टीत मात्र यंत्रे खरोखर हरतात. गो या पटावरच्या खेळात कटागो हा प्रोग्राम अव्वल व्यावसायिकांपेक्षा सरस मानला जात असताना, २०२३ मध्ये एका हौशी खेळाडूने त्याला १५ पैकी १४ डावांत हरवले. युक्ती अशी होती की, इतर कोपऱ्यांत लक्ष गुंतवून ठेवायचे आणि प्रोग्रामच्या सोंगट्यांभोवती सावकाश मोठे कडे आवळत न्यायचे. आपण वेढले जात आहोत हे त्याला वेळेत उमगत नसे. या चालीत यदृच्छ असे काहीच नव्हते. कटागोच्या विरोधात मुद्दाम प्रशिक्षित केलेल्या दुसऱ्या प्रोग्रामने ती उणीव शोधली होती आणि माणसाने ती अभ्यासून वापरली. पुढे बचाव शिकवलेल्या आवृत्त्याही नव्या हल्ल्यांपुढे पुरत्या टिकल्या नाहीत, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आणखी एक बारकावा तुझ्या मित्रांच्या नजरेतून सुटला आहे. अशी बरीचशी यंत्रे आधीच्या प्रशिक्षणात शिकतात, ऐन लढतीत नाही. लढता लढता शिकणारे यंत्र बनवले, तर प्रतिस्पर्धी आधी त्याला मुद्दाम एक खोटी सवय दाखवतो, त्याने ती खरी मानली की नेमक्या क्षणी ती मोडतो. जुळवून घेण्याची क्षमता हेच तेव्हा फसण्याचे दार होते.

म्हणून माझा सल्ला असा की, अशी यंत्रे बनवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांची कसून परीक्षा घेण्याचे काम तू डोळ्यांसमोर ठेवावेस. संभाव्यताशास्त्र, रेषीय बीजगणित आणि गेम थिअरी (डावपेचांचे गणित) पक्की कर, त्यानंतर रीइन्फोर्समेंट लर्निंग (यश-अपयशातून यंत्राला शिकवण्याची पद्धत) आणि कंट्रोल सिस्टिम्सकडे (यंत्राची हालचाल नियंत्रित ठेवण्याचे शास्त्र) वळ. हे कौशल्य स्वयंचलित वाहनांत आणि सायबर सुरक्षेतही लागते, त्यामुळे शस्त्रांवर काम करायचे की नाही हा निर्णय तुझ्या हातात राहील. तो विचारपूर्वक घे. मानवी नियंत्रणाविना मारा करणाऱ्या शस्त्रांवर काय बंधने असावीत, याची चर्चा संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर जिनिव्हात २०१४ पासून चालू आहे, तीही वाचत जा.

सुरुवात या महिन्यातच करता येईल. मागच्या चार-पाच चालींवरून पुढची चाल ओळखणारा दगड-कागद-कात्रीचा छोटा प्रोग्राम लिही आणि मित्रांना त्याच्याशी प्रत्येकी दोनशे डाव खेळायला सांग, हवे तितके वेडेवाकडे. मग त्यांच्या चालींची नोंद उघडून कोणाची कोणती सवय कितव्या डावात पकडली गेली ते पाहा, आणि त्याच प्रोग्रामला फसवणारा दुसरा प्रोग्राम लिहायला घे.