मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाबाहेरच्या वाचकाला कॅनडातला मेनोनाइट लेखक रूडी वीब याच्या कादंबऱ्या कळतील का? सुरुवात कुठून करावी?

कळतील हो, न कळायला काय झालंय. मी मेनोनाइट नाही, वसईचा कुपारी कॅथलिक आहे, आणि मला त्या इतक्या कळल्या की पहिलीच कादंबरी मधेच दोन दिवस बाजूला ठेवावी लागली.

कंपनीने मला दोन वर्षं कॅनडात विनिपेगला पाठवलं होतं. घरमालकीण मेनोनाइट, पंचाहत्तरीची, निवृत्त नर्स. घोडागाडीवाली नव्हे, ते फोटो बहुतेक आमिश या त्यांच्या भाऊबंद पंथाच्या लोकांचे असतात, ही बाई बर्फातसुद्धा स्वतःची गाडी काढायची. रविवारी चर्चहून आली की वारेनिकी करायची, म्हणजे आपल्या करंजीत पनीरसारखं काहीतरी भरून ती तळण्याऐवजी पाण्यात उकळली तर जे होईल ते, वर साय घातलेला रस्सा. बहिणीशी फोनवर बोलताना जी भाषा निघायची ती जर्मनही वाटेना. विचारलं तर म्हणाली, ही प्लाउटडीच, घरातली. चर्चमध्ये शुद्ध जर्मन, शाळेत इंग्रजी. मी तिथेच हसलो. आमच्याकडे घरी कादोडी, चर्चमध्ये मराठी, आजोबांच्या वेळी लॅटिन, आणि शाळेत पुस्तकी मराठी, जी बोलताना मी घरचा एक शब्द वापरला तर अख्खा वर्ग हसायचा. वीबचंही तेच, १९३४ चा जन्म, सस्कॅचवानच्या जंगलातली वस्ती, इंग्रजी शिकला ती शाळेत गेल्यावर.

त्यांचा इतिहास तुम्ही वाचालच, तरी एक गोष्ट डोक्यात ठेवा. हत्यार धरायचं नाही हा त्यांचा धर्मनियम, त्यामुळे कुठल्याही राजाशी त्यांचं कधी ना कधी फाटायचंच. हॉलंडमधून पोलंडच्या विस्तुला नदीकाठच्या दलदलीत, तिथून १७८९ पासून तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या युक्रेनमध्ये, मग १८७४ साली रशियाने सक्तीची लष्करभरती आणली तेव्हा हजारोंनी उठून मॅनिटोबा आणि कॅन्सस गाठलं. जे मागे राहिले त्यांच्यावर स्टालिन आला. १९२९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर हजारो शेतकरी घरदार टाकून मॉस्कोच्या आसपास येऊन थांबले, बाहेर जाऊ द्या म्हणून, काहींना परवानगी मिळाली, बाकीच्यांना गाड्यांत भरून परत पाठवलं. वीबचे आईवडील सुटलेल्यांत होते.

आता एवढं सोसलेल्या समाजातला २८ वर्षांचा पोरगा पहिली कादंबरी लिहितो तर लोकांना काय वाटणार? आमच्या हालअपेष्टा लिहील. त्याने १९६२ साली ‘पीस शॅल डिस्ट्रॉय मेनी’ लिहिली. गोष्ट १९४४ ची, बाहेर महायुद्ध चालू आणि हे शांतिवादी आपल्या वस्तीत शेती करतायत. तिथला मोठा डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, शेजारच्या मेटी लोकांच्या, म्हणजे आदिवासी आणि गोरे अशा मिश्र वंशाच्या लोकांच्या, जमिनी विकत घेऊन त्यांना तिथून काढायच्या मागे आहे, आणि त्याच्याच लग्न न झालेल्या मुलीला एका मेटी गड्यापासून दिवस जातात. ती बाळंतपणात मरते. समाज खवळला. वीब तेव्हा चर्चच्याच नव्या पत्राचा संपादक होता, १९६३ मध्ये त्याला ते सोडावं लागलं. घरमालकिणीच्या वडिलांनी पुस्तक घरात येऊ दिलं नव्हतं, तिने नर्सिंगच्या होस्टेलवर चोरून वाचलं.

मी वाचताना थांबलो तो या डीकनपाशी. कारण मी आमच्याकडच्या एका नाताळ विशेषांकात एक कथा लिहिली होती. आमच्या केळीच्या वाडीत पणजोबांच्या वेळी वारली मजूर असायचे, त्यातल्या एका पोरीला आमच्याच घरातल्या कोणामुळे दिवस गेले आणि तिला थोडे पैसे देऊन डोंगराकडे धाडलं, एवढं मी आजीकडून तुटक तुटक ऐकलेलं. बाकी मी रचलं. अंक आला आणि आजीच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर, सगळे नातेवाईक मांडवात जेवत असताना काका उठला. आधीच आपण मूठभर, पोर्तुगीज म्हणून एकजण बोट दाखवतो, बाटगे म्हणून दुसरा, आता तू आपल्याच घरावर थुंकतोस? आणि हे सगळं खोटं आहे, असं काही झालंच नाही. मी गप्प. मग बसता बसता म्हणाला, ‘आणि तिचं नावही ते नव्हतं.’

मांडवात कोणी हसलंसुद्धा नाही. त्यानंतर सात वर्षं आमचं बोलणं नाही.

म्हणून मला राग येतो जेव्हा लोक अल्पसंख्याक समाजाची ऐतिहासिक कादंबरी म्हणजे आमच्यावर काय काय अन्याय झाले त्याची यादी समजतात. ती स्मरणिका झाली, पॅरिशच्या शतकमहोत्सवाची, मागे जाहिराती. मार खाल्ला हे कोणीही लिहितं. ज्यांना आपण मारू शकत होतो त्यांच्याशी आपण कसे वागलो तिथे कादंबरी सुरू होते. वीब पुढे तिकडेच गेला, कॅनडातल्या क्री आदिवासींचा पुढारी बिग बेअर, ज्याने सरकारशी जमिनीच्या १८७६ च्या करारावर सही करायला नकार दिला आणि उपासमार झाल्यावर १८८२ साली केली, त्याच्यावर १९७३ मध्ये कादंबरी लिहिली, तिला कॅनडाचं गव्हर्नर जनरल पारितोषिक मिळालं. ज्यांच्या जमिनीवर आपल्या बापाने नांगर घातला त्यांची गोष्ट. माझ्या काकाला हे कोणी वाचून दाखवेल का?

बरं, एक कबूल करतो. गोऱ्या माणसाने क्री माणसाच्या तोंडून का बोलावं हा आक्षेप तिकडे घेतला जातो आणि तो मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. माझ्या कथेतही ती वारली पोर एक वाक्य बोलत नाही, हे मला नंतर दिसलं, काकाला ते खटकलं नव्हतं.

सुरुवातीचं विचारलंत. ‘बिग बेअर’ने करू नका, भाषा जड आहे, मी दोनदा सोडली. ‘ऑफ धिस अर्थ’ हे त्याचं बालपणाचं आत्मकथन आधी घ्या, २००६ चं, मग ‘पीस शॅल’. धर्माचं फार माहीत नसलं तरी अडत नाही, अडलंच तर आपल्याकडे छत्तीसगडात धमतरीला १८९९ पासून मेनोनाइट आहेत.

आणि तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर परवानगी मागत बसू नका. पण नावं मात्र आधी म्हाताऱ्यांना विचारा. माझ्या कथेत ते अजून चुकीचंच छापलेलं आहे आणि खरं माहीत असलेला माणूस समोरून आला की रस्ता बदलतो.