डिस्क वाढवली, जागा तेवढीच!

प्रश्न: व्हर्च्युअल मशीनची डिस्क २० वरून ४० जीबी केली, तरी उबुंटूत (लिनक्स) रूट, म्हणजे सिस्टीमची मुख्य जागा, २०च दाखवतंय. सर्व्हर बंद न करता होईल का?

उत्तर: होईल हो, डिस्कवर रूटच्या पार्टिशननंतर (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) लगेच दुसरं पार्टिशन नसेल तर रीस्टार्टही नको. डिस्क वाढली पण पार्टिशन आणि त्यावरची फाइल सिस्टीम (फाइल साठवण्याची रचना) अजून जुन्याच मापाची आहे, म्हणून आधी बॅकअप घ्या (हे टाळू नका, प्लीज!), मग पार्टिशन वाढवणारी ग्रोपार्ट ही कमांड चालवा, त्यात डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा नंबर यांच्यात स्पेस लागते, ‘एसडीए १’ऐवजी ‘एसडीए१’ असं जोडून लिहिलं की एरर येतो, इथेच बरेच जण अडकतात. नंतर फाइल सिस्टीम वाढवा: ती ईएक्सटी४ प्रकारची असेल तर रीसाइझ२एफएस कमांडने, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएसने. झालं, डीएफ -एच (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) करून बघा.